शिवेचा साक्षीदार आणि त्याचे कुंपण

होटगी स्टेशनात सोलापूरहून येणारा लोहमार्ग दोन वाटांनी फुटतो. एक वाट वाडीकडे जाते, दुसरी विजापूर-गदगकडे. रेल्वेच्या हद्दीला हात लावण्याची कोणाची छाती होत नाही. त्याच शिवारातल्या आमच्या वतनी तुकड्याचा बांध मात्र दर नांगरटीला वीतभर आत सरकत आला. शेजारचा नांगर बांध कोरीत येतो आणि आपला माणूस गप्प बसतो. कारण उद्या त्याच शेजाऱ्याकडे पाण्यासाठी, औतासाठी, मजुरीसाठी जावे लागणार असते.

वीतभर म्हणजे किती, याचा हिशेब आपण सहसा करीत नाही. बांध ६६० फूट लांब असेल आणि दरवर्षी नऊ इंच सरकत असेल, तर वर्षाला ४९५ चौरस फूट जमीन जाते. एक गुंठा १०८९ चौरस फुटांचा. म्हणजे अकरा वर्षांत पाच गुंठे गेले आणि सातबारावर एका अक्षराचाही फरक पडला नाही.

यातली विसंगती ध्यानात घेतली पाहिजे. गावगाड्यात महार हा शिवेचा राखणदार होता. दोन गावांत शिवेचा तंटा पडला, तर त्याचीच साक्ष निर्णायक मानली जाई. साऱ्या गावाची शीव ज्याने सांभाळली, त्याला स्वतःचा बांध का सांभाळता आला नाही? कारण ती जमीन त्याची म्हणून दिलेली नव्हती, ती राबणुकीच्या बदल्यात दिलेली होती. १८७४ च्या वतन कायद्यात दुरुस्ती करण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदे मंडळात विधेयक मांडले, ते ही वेठ तोडण्यासाठीच. पुढे १९५८ चा कनिष्ठ गावकामगार वतने नष्ट करणारा कायदा १ ऑगस्ट १९५९ पासून अमलात आला. कब्जेहक्काची रक्कम भरून घेऊन जमिनी वतनदारांना परत देण्यात आल्या, त्या नवीन शर्तीने. जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून त्या विकता येत नाहीत. ही अट हस्तांतरणावर आहे, हद्द राखण्यावर नाही. पण आपल्यातले पुष्कळजण 'वर्ग दोनची जमीन' म्हटले की हात आखडतात. कागदाने जमीन दिली. तिची रेघ आपली आपणच ओढायची आहे.

ती कशी ओढायची, ते क्रमाने सांगतो. आम्ही पहिल्या खेपेला उलट्या क्रमाने गेलो. आधी तार आणली, अंदाजाने खांब रोवले आणि तंटा ओढवून घेतला. पैसाही गेला.

आधी कागद. सातबारा, आठ अ, फेरफार आणि गटाचा नकाशा काढावा. एकत्रीकरणात सर्व्हे नंबरांचे गट झाले असतील, तर जुना नंबर आणि नवा गट यांचा मेळ घालावा. वारसांची नावे लागली नसतील, तर ती आधी लावून घ्यावीत.

मग मोजणी. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात हद्द कायम करण्याच्या मोजणीचा अर्ज करून फी भरावी. लगतच्या खातेदारांना नोटिसा जातात. मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहावे, खुणा दाखवतील तेथे लागलीच दगड पुरावेत आणि नकाशाची 'क' प्रत मागून घ्यावी. शेताच्या हद्दीचा वाद निघाल्यास महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम १३५ खाली त्याचा निर्णय होतो.

तिसरी गोष्ट माणसांची. वतनी जमिनीच्या वाटण्या होऊन तिच्या पट्ट्या पडल्या आहेत. दहा एकरांचा चौकोनी तुकडा घ्या. त्याची बाजू ६६० फूट, घेर २६४० फूट. त्याच्या ६६ फूट रुंदीच्या दहा पट्ट्या केल्या, तर एका पट्टीचा घेर १४५२ फूट होतो. प्रत्येकाने आपापले कुंपण घातले तर १४,५२० फूट. दहा घरांनी मिळून बाहेरून एकच घातले तर २६४० फूट, म्हणजे घरटी २६४. आत पट्ट्यापट्ट्यांत नुसते हद्दीचे दगड पुरेत. भाऊबंदकीची किंमत किती, हे तारेच्या हिशेबात असे स्पष्ट दिसते. शिवाय एकट्याचा खांब रात्रीतून उपटला जातो. दहा घरांच्या खांबाला हात लावताना माणूस विचार करतो.

शेवटी तार. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून उथळ रोवलेले खांब कलतात. सात फुटी खांब दोन ते अडीच फूट गाडावा, खड्ड्यात मुरूम व दगड ठासावेत. दोन खांबांत आठ-दहा फूट अंतर ठेवावे. तारेचा सगळा ताण कोपऱ्यांवर येतो. तेथे काँक्रीट करून दोन्ही बाजूंना तिरके टेके द्यावेत. खांब हद्दीच्या रेघेवर न रोवता हातभर आत घ्यावेत. पैसा कमी असेल तर कोपरे पक्के करून मधल्या भागात पहिल्या पावसावर घायपात किंवा शेर लावावे. दोन-तीन वर्षांत जिवंत कुंपण उभे राहते. तारेत वीज कदापि सोडू नये. रात्री तिला चिकटून मरेल तो गुराखी किंवा मजूर बहुधा आपल्याच वस्तीतला असेल.

वहिवाटीची वाट अडवू नये. पाणवठे आणि वाटा अडवल्या जाण्याचे दुःख ज्यांनी भोगले, त्यांनी दुसऱ्याची वाट बंद करणे शोभत नाही. उलट आपल्या कब्जाला कोणी बेकायदा हरकत केली, तर मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ च्या कलम ५ खाली तहसीलदाराकडे दावा करता येतो. तो सहा महिन्यांच्या आत करावा लागतो. अनुसूचित जातीच्या माणसाची जमीन बेकायदा बळकावणे वा कसणे हा १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हाही आहे. परंतु या दोन्ही ठिकाणी पहिला प्रश्न एकच येतो: हद्द कोठे आहे? 'क' प्रत नसेल तर वकिलालाही उत्तर देता येत नाही.

कार्यकर्त्यांना आणि शिक्षक मित्रांना माझी विनंती आहे. वस्तीत जयंतीच्या सभेसाठी आपण जमतो, तसेच एक दिवस सातबारे घेऊन जमावे. विद्यार्थ्यांनी ते मोठ्याने वाचावेत, फीत घेऊन बांध मोजावेत आणि कागदातला व जमिनीतला फरक वहीत टिपावा. आपल्या आज्यांनी गावाची शीव डोक्यात सांभाळली. नातवांनी आपल्या शेताची हद्द निदान कागदावर तरी सांभाळावी.