नवले पुलाआधीचा घाम

नोव्हेंबर 2025 मधल्या कंटेनरच्या भीषण अपघातानंतर पुण्यातल्या नवले पुलाजवळची वेगमर्यादा खाली आली, बंदोबस्त वाढला. बातमीत न आलेली गोष्ट अशी की माझ्या ओळखीतला एक गृहस्थ आता साताऱ्याहून येताना नवा कात्रज बोगदा टाळून जुन्या घाटाने उतरतो. एक मैत्रीण शेजारी नवरा बसल्याशिवाय स्टिअरिंगला हात लावत नाही. अपघात झाला तेव्हा दोघंही तिथे नव्हते. त्यांनी फक्त व्हिडिओ पाहिले.

बोगदा संपून नवले पुलाकडचा उतार लागला की अशांची छाती धडधडते, तोंड कोरडं पडतं, बोटांना मुंग्या येतात. आता चक्कर येणार आणि आपण गाडी ठोकणार, असं वाटतं. मुंग्यांचं कारण साधं आहे. भराभर श्वास घेतला की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो. चक्कर येऊन माणूस पडतो तो बहुधा रक्तदाब उतरल्यावर, आणि घाबरल्यावर तो सहसा चढतो. तरीही एवढ्या माहितीने घाम थांबत नाही, कारण वळसा घातला की हायसं वाटतं आणि त्या हायसं वाटण्यावरच भीती पोसली जाते.

इथे मला अमेरिकी मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस आठवतो. अंजली जोशींच्या 'मी अल्बर्ट एलिस' या कादंबरीमुळे तो मराठी वाचकाला घरचाच. एकोणिसाव्या वर्षी पोरींशी बोलायची त्याला धडकी भरायची. त्याने न्यूयॉर्कच्या ब्राँक्समधली वनस्पती बाग गाठली आणि महिनाभर बाकावर एकटी दिसेल तिच्याशी बोलायचं ठरवलं. शंभरेक जणींशी बोलला. एकच भेटायला तयार झाली, तीही आली नाही. पण आभाळ कोसळलं नाही, आणि भीती मात्र गेली.

आपला बाक म्हणजे तो उतार. आधी शेजारच्या सीटवर बसून जा. मग रविवारी सकाळी सहाला, सोबतीला कुणी घेऊन, स्वतः चालवा. मग एकट्याने, आणि ऑफिसच्या वेळेला सगळ्यात शेवटी. स्टिअरिंगवरची मूठ सैल ठेवा, श्वास सावकाश सोडा. फारच झालं तर करकचून ब्रेक न मारता इंडिकेटर देऊन डावीकडे सुरक्षित जागी थांबा. गुंगी आणणारं औषध चालू असेल तर गाडी नकोच. प्रत्यक्ष अपघातातून वाचलेल्यांनी मात्र हे एकट्याने करू नये, तज्ज्ञांकडे जावं. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक आहेच.

एक शंका उरते. याच उतारावर डिझेल वाचवायला ट्रक न्यूट्रलवर सोडणारे आहेत. इंजिनाचा रोध गेला की सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापून निकामी होतात. त्यांना घाम फुटत नाही. घाबरणाऱ्याला धीर देणारे आम्ही पुष्कळ आहोत. न घाबरणाऱ्याला घाबरवायचं काम कुणाकडे आहे?