कमाई पहिल्या हप्त्यानंतरची

भिलाईचा पोलाद कारखाना आणि आयुर्विमा महामंडळ ही एकाच दशकातली भावंडं. १९५५च्या फेब्रुवारीत सोव्हिएत संघाशी कारखान्याचा करार झाला. पुढच्या वर्षी, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, आयुर्विम्याचं राष्ट्रीयीकरण झालं आणि १ सप्टेंबर १९५६ला एलआयसी उभी राहिली. ४ फेब्रुवारी १९५९ला राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते भिलाईची पहिली झोतभट्टी पेटली. नागपूर–हावडा मार्गावरच्या या गावात विदर्भातली मराठी कुटुंबंही येऊन स्थिरावली. ठरल्या तारखेला पगार होणाऱ्या घरांचे सेक्टरचे सेक्टर वसले, आणि विमा प्रतिनिधीला यापेक्षा चांगलं गिऱ्हाईक कुठलं?

आता कारखान्यातल्या कायम नोकऱ्या आटल्या, ठेकेदाराकडची कामं वाढली. शिकून घरी बसलेल्या पोराला काका-मामा सुचवतात, ‘तोवर एलआयसीची एजन्सी घेऊन टाक.’ घेणं अवघड नाहीच. वय १८ पूर्ण, दहावी पास, थोडं प्रशिक्षण आणि आयसी-३८ची ५० प्रश्नांची परीक्षा. ३५ टक्के मिळाले की झालं. पण या धंद्यात महिन्याला सुटतात किती?

एलआयसीत ऑक्टोबर २०२४पर्यंत वर्षानुवर्षं चाललेला दर धरून हिशेब मांडू. दीर्घ मुदतीच्या पॉलिसीवर पहिल्या वर्षी २५ टक्के, दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी साडेसात, पुढे ५ टक्के. बोनस कमिशन वेगळं. वार्षिक २५ हजार हप्त्याची पॉलिसी पहिल्या वर्षी ६,२५० रुपये देते, मग दोन वर्षं १,८७५ आणि नंतर १,२५०. महिन्याला अशा दोन, म्हणजे वर्षाला २४ पॉलिसी केल्या, तर पहिल्या वर्षाची कमाई दीड लाख. त्यातून पेट्रोल, मोबाइल, चहापाणी वजा जाता हातात उरतं ते बेताचंच. पण हाच वेग ठेवला आणि एकही पॉलिसी बंद पडली नाही, तर पाचव्या वर्षी नव्या पॉलिसींचे दीड लाख आणि जुन्यांच्या नूतनीकरणाचे दीड लाख, असे तीन लाख होतात. श्रम तेवढेच, कमाई दुप्पट.

‘एकही बंद पडली नाही तर’ यातच सगळी मेख आहे. पहिल्या सहा महिन्यांत आत्या, मावशी, शाळेतले मित्र संपतात. भिडेखातर घेतलेली पॉलिसी दुसऱ्या हप्त्याला अडखळते. म्हणून मुरलेल्या प्रतिनिधीची सकाळ नव्या गिऱ्हाइकापासून सुरू होत नाही, थकीत हप्त्यांच्या यादीपासून होते. वार्षिक हप्त्याला सवलतीचे ३० दिवस, मासिकाला १५. कोणाची रात्रपाळी आहे, कोण दुपारी घरी भेटेल, ठेकेदारानं कोणाचा पगार अडकवलाय, हे त्याला ठाऊक असावं लागतं. कायम कामगाराचा हप्ता पगारातून कापून जाऊ शकतो. ठेक्यावरच्या माणसाकडे मात्र खेपा माराव्या लागतात.

‘पहिला हप्ता तूच भर’ हे वाक्यही नवख्याला ठरलेलं. कमिशनातून अशी सूट देणं विमा कायद्याच्या कलम ४१नुसार गुन्हा आहे, दंड दहा लाखांपर्यंत. शिवाय फुकटात मिळालेली पॉलिसी पुढे चालवण्यात गिऱ्हाइकाचा जीवही गुंतलेला नसतो.

९ डिसेंबर २०२४ला सुरू झालेली ‘विमा सखी’ योजना पहिल्या पडत्या काळाला टेकू देते. दहावी पास महिलांना तीन वर्षं विद्यावेतन: दरमहा ७ हजार, मग ६, मग ५. मिळून २ लाख १६ हजार, कमिशन वेगळं. पण अटी आहेत: वर्षाला २४ पॉलिसी, आणि दुसऱ्या वर्षीचं वेतन हवं असेल तर पहिल्या वर्षीच्या ६५ टक्के पॉलिसी चालू राहायला हव्यात. विक्रीइतकाच टिकाव इथेही मोजला जातो. २०२४च्याच ऑक्टोबरात पॉलिसी मध्येच सोडणाऱ्याला जास्त परतावा देणारे नियम लागू झाले, तेव्हा एलआयसीनं पहिल्या वर्षाचं कमिशन घटवून नूतनीकरणाचं वाढवलं. झटपट विकून मोकळं होणाऱ्याचे दिवस त्यामुळे आणखी कठीण झाले.

तेव्हा भिलाईतल्या तरुणानं एजन्सी जरूर घ्यावी, पण निदान तीन वर्षं दुसऱ्या उत्पन्नाचा आधार ठेवून. आणि विकास अधिकाऱ्याला विचारायचं असेल, तर ‘पहिल्या वर्षी किती मिळतील?’ हे विचारू नये. विचारावं की, ‘तुमच्या हाताखालच्या प्रतिनिधींच्या पॉलिसींपैकी तिसऱ्या वर्षी किती चालू असतात?’ उत्तर देताना साहेब चाचरले, तर आपली कमाईही तशीच चाचरत येणार, हे समजून घ्यावं.