टप देऊन नेलेले मोबाईल

आमच्या मोहर्लीच्या घरात आलेला पहिला मोबाईल म्हणजे नोकिया ११००. हा हँडसेट २००३ मध्ये बाजारात आला आणि जगभर २५ कोटींच्या वर खपला. आमच्यापर्यंत तो बराच उशिरा पोहोचला, तोही कुणीतरी वापरून झालेला. त्याच्या डोक्यावरचा टॉर्च आम्हाला बोलण्यापेक्षा जास्त कामाचा होता. ताडोबाच्या दारात राहणाऱ्या माणसाला रात्री गोठ्यापर्यंत जायचं तरी हातात उजेड लागतो. रेंज नसली तरी फोन खिशात असायचा तो यासाठी.

जुना फोन विकायचा असतो, हे तेव्हा कुणाच्या मनातही नव्हतं. थोरल्याचा सदरा धाकट्याला जावा तसा फोन जायचा. बॅटरी फुगली की नवी टाकायची, झाकण सैल झालं की रबर लावायचं. अगदीच बंद पडला तर लेकरांना खेळायला.

सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं आणि दोनेक वर्षांत बटनवाले फोन कपाटात गेले. २०१८ च्या पावसाळ्यात जिओनेच जुना साधा फोन आणि ५०१ रुपये घेऊन नवा जिओफोन देण्याची योजना काढली. रिचार्जचे पैसे वेगळे. वापरून झालेल्या फोनलाही दुकानात मोल असतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. त्याच वर्षी १ डिसेंबरपासून ताडोबाच्या सफारीत मोबाईल नेण्यावर बंदी आली.

इथल्या पैशाला ऋतू आहे. १ जुलै ते ३० सप्टेंबर ताडोबाच्या कोअर म्हणजे गाभा क्षेत्रातली सफारी बंद असते. गाईड, जिप्सीवाले, रिसॉर्टमध्ये कामाला जाणारी पोरं, सगळ्यांच्याच हातातला पैसा आटतो; आणि रोवणी, वह्या-पुस्तकं, पोळा नेमके याच दिवसांत येतात. म्हणून आमच्या ओळखीत जुने अँड्रॉइड विकले गेले ते बहुतेक पावसाळ्यात, चंद्रपूरच्या दुकानांत. काच तडकली असेल तर भाव निम्म्यावर. खोका आणि बिल असेल तर दोनशे-तीनशे जास्त. २०२० मध्ये शाळा मोबाईलवर भरू लागली, तेव्हा मात्र विकायला काढलेले फोन लोकांनी परत घरात ठेवले. दोन लेकरांत एक तडकलेला फोन, असं ते वर्ष गेलं.

त्यानंतर मोटारसायकलवर भोंगा लावून फिरणारे आले. ‘बंद मोबाईल, फूटा मोबाईल दो, टब ले लो.’ आईने कपाटातले तीन मोबाईल दिले आणि एक निळा टप घेतला. ती खूश होती. मीही तेव्हा काही बोललो नाही, आणि याची खंत आजही आहे. त्या तीनपैकी एका फोनमध्ये पीकविम्यासाठी काढलेले आधार, पासबुक आणि सातबाराचे फोटो तसेच होते.

ऑगस्ट २०२४ मध्ये तेलंगण पोलिसांनी रामगुंडम भागात तिघांना पकडलं. त्यांच्याकडे पोत्यांत भरलेले सुमारे ४,००० जुने मोबाईल सापडले. खेडोपाडी प्लास्टिकच्या वस्तू देऊन गोळा केलेला हा माल झारखंडमधल्या सायबर टोळ्यांकडे जाणार होता, असं पोलिसांनी सांगितलं. रामगुंडम आम्हाला लांबचं नाही. बल्लारशाहून काझीपेठच्या गाडीत बसलं की लागतं. प्रत्येक मोबाईलला पंधरा आकडी आयएमईआय असतो. फोनच्या आतला बोर्ड चोराच्या हाती गेला की त्याच्या गुन्ह्याचा माग या आकड्यावरून आपल्या घरापर्यंत येऊ शकतो.

टपाची किंमत आणि मोबाईलची किंमत यांचा हिशेब करणारे सोन्याचं नाव काढतात. दहा लाख मोबाईलमधून साधारण ३४ किलो सोनं निघतं. म्हणजे एका मोबाईलमागे ३४ मिलिग्रॅम. त्याने कुणाचं घर चालत नाही. पण तेवढ्यासाठी कुठेतरी बोर्ड जाळले जातात, आम्लात बुडवले जातात. निरुपयोगी म्हणून फेकलेली बॅटरी नाल्यात पडते, आणि आमच्याकडचं पाणी इरई धरणात उतरतं. चंद्रपूर शहर तेच पितं.

कायदा नाही असं नाही. ई-कचऱ्याचे नियम मे २०१२ पासून लागू आहेत. १ एप्रिल २०२३ पासून त्यांची तिसरी आवृत्ती अमलात आहे आणि जबाबदारी उत्पादकावर टाकलेली आहे. पण जुना मोबाईल कायदेशीरपणे घेणारं केंद्र मी मोहर्लीत आजवर पाहिलेलं नाही. आमच्या दारापर्यंत येतो तो टपवालाच.

म्हणून गावातल्या माणसांना माझं सांगणं आहे. मोबाईल जरूर विका, पैसे लागतातच. पण सिम आणि मेमरी कार्ड काढून घ्या, फोनमधलं आपलं खातं काढून टाका, फोन पूर्ण रिसेट करा. *#०६# दाबून आयएमईआय लिहून घ्या आणि तो आकडा असलेली पावती दुकानदाराकडून मागा. जुना घेणार असाल तर मे २०२३ पासून देशभर सुरू झालेल्या ‘संचार साथी’वर तो आकडा आधी तपासा. फुगलेली बॅटरी चुलीत टाकू नका, लेकरांच्या हाती देऊ नका.

आणि वनविभागाला व ग्रामपंचायतीला एक विनंती. मोबाईल जंगलात जाऊ नये म्हणून जिथे दक्षता घेतली जाते, त्या मोहर्ली गेटजवळच बंद मोबाईल आणि बॅटऱ्यांसाठी एक कुलूपबंद पेटी ठेवा. दर पावसाळ्यात, सफारी बंद असताना, ती नोंदणीकृत केंद्रावर पोहोचवा. आमच्या घरातले दोन बंद मोबाईल त्या पेटीसाठी राखून ठेवले आहेत.