पंथटीकेतील वाग्युक्ती : महानुभाव आणि मॉर्मन

वरकरणी नम्रता आणि अंतरी कपट असलेल्या मनुष्यास आपण ‘मानभावी’ म्हणतो. हा शब्द ‘महानुभाव’ या पंथनामापासून आला, हे बोलताना कोणाच्या ध्यानी येत नाही. ‘करणी कसाबाची, बोलणी मानभावाची’ ही म्हणही त्याच जातीची. थोर मनाचा पुरुष असा ज्या शब्दाचा मूळ अर्थ, तोच एका दुर्गुणाचे नाव होऊन बसला. परपंथाच्या टीकेत युक्तिवादाची जागा वाग्युक्ती कशी घेते, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. तुलनेसाठी अमेरिकेतील मॉर्मन संप्रदाय घेतला आहे. या दोन पंथांच्या तत्त्वज्ञानात साम्य नाही. साम्य आहे ते त्यांच्या निंदकांच्या रीतीत.

पहिली युक्ती नामकरणाची. १८३० साली ‘बुक ऑफ मॉर्मन’ प्रसिद्ध झाल्यावर विरोधकांनी त्या ग्रंथावरून अनुयायांस ‘मॉर्मन’ हे नाव दिले. पुढे अनुयायांनीही ते वापरले. तथापि २०१८ साली त्यांच्या चर्चने आपले पूर्ण नावच वापरावे, असे आवाहन केले. विरोधकाने दिलेले नाव एकदा रूढ झाले, की निवाडा चर्चेपूर्वीच होऊन जातो.

दुसरी युक्ती उगमकथेची. कृष्णभट्ट नावाचा ब्राह्मण मांग स्त्रीशी संबंध आल्यामुळे बहिष्कृत झाला व त्याने हा पंथ काढला, अशी कथा महानुभावांविषयी प्रचलित होती. रसेल यांच्या १९१६ सालच्या मध्य प्रांतातील जातिजमातींवरील ग्रंथातही तिला स्थान मिळाले. या कथेत पंथाच्या एकाही मताचे खंडन नाही. तिचे सारे बळ श्रोत्याच्या जातीय तिरस्कारावर उभे आहे. मॉर्मन ग्रंथ हा सॉलोमन स्पॉल्डिंग यांच्या अप्रकाशित कादंबरीची चोरी होय, असा आरोप हाऊ यांच्या १८३४ सालच्या पुस्तकाने केला. १८८४ साली होनोलुलू येथे स्पॉल्डिंग यांचे एक हस्तलिखित सापडले. त्यात अपेक्षित साम्य आढळले नाही. तरीही आरोप पुरता विरला नाही. उगमाची निंदा करणाऱ्यास सिद्धांत वाचण्याची गरज उरत नाही, हेच तिच्या दीर्घायुष्याचे कारण.

तिसरी युक्ती गुप्ततेची. महानुभावांनी आपले ग्रंथ सकळ, सुंदरी इत्यादी सांकेतिक लिप्यांत जतन केले. जे लपविले ते लाजिरवाणे असणार, असे अनुमान बाहेरच्यांनी काढले. वि. का. राजवाडे यांनी लिपीचा उलगडा केल्यावर काय हाती आले? म्हाइंभटांचे ‘लीळाचरित्र’, महदाइसेचे ‘धवळे’. म्हणजे मराठी गद्यपद्याचा आद्य ठेवा. मॉर्मन मंदिरांतील विधी बाहेरच्यांस पाहता येत नाहीत. त्यावरूनही असेच तर्क लढविले गेले.

यावरून टीकाच करू नये, असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मॉर्मन चर्चने १८९० पर्यंत बहुपत्नीत्वाचे उघड समर्थन केले आणि १९७८ पर्यंत कृष्णवर्णीय पुरुषांस पौरोहित्य नाकारले. यांविषयी प्रश्न विचारणे ही निंदा नव्हे. उलट, प्रत्येक प्रश्नास ‘द्वेष’ म्हणून बाजूस सारणे ही पंथाभिमान्यांची वाग्युक्ती होय. मात्र १८९० पूर्वीची प्रथा आजच्या सर्व अनुयायांच्या माथी मारणारा टीकाकार काळाची सरमिसळ करतो.

मग भेद कसा ओळखावा? टीकाकार पंथाचे मत पंथीयांस ओळखू येईल अशा शब्दांत मांडतो काय? पुरावा विरुद्ध गेल्यास आरोप मागे घेतो काय? हीच कसोटी तो स्वतःच्या परंपरेस लावतो काय? नागपूर येथे डॉ. वि. भि. कोलते यांनी महानुभाव वाङ्मयाचे दीर्घ अध्ययन केले, ते मूळ पोथ्यांच्या आधारे. तोच मार्ग प्रशस्त होय.

हा प्रश्न केवळ शैलीचा नाही. १८३८ साली मिसुरीच्या राज्यपालांनी मॉर्मन लोकांचा उच्छेद करावा अथवा त्यांस राज्याबाहेर घालवावे, अशी आज्ञा काढली. ती १९७६ साली रद्द झाली. शब्दांनी माणसे आधी परकी केली गेली, शस्त्रे नंतर आली. जुन्या गॅझेटियरातील कथा प्रबंधात उतरविणाऱ्या अभ्यासकाने ती कोणी, कोणाविषयी व कशासाठी सांगितली, हे आधी विचारावे. अन्यथा संशोधनाच्या नावाखाली तो जुनी निंदाच पुढे चालवील.