वॉटचा आकडा आणि जळालेला ट्वीटर

व्यवसायाने मी कानाचा डॉक्टर. दिवसभर ऑडिओग्रामवरील डेसिबलच्या रेषा वाचणाऱ्या माणसाने स्वतःच्या घरी ट्वीटर जाळावा, हे लज्जास्पद खरेच. परंतु तसे घडले. त्यानंतर जो अभ्यास करावा लागला, तो व्यवसायबंधूंच्या आणि इतर वाचकांच्याही उपयोगी पडावा, म्हणून हा लेखनप्रपंच.

इंदूरच्या आमच्या घराचा दिवाणखाना बारा बाय पंधरा फुटांचा. होम थिएटरसाठी स्पीकर चांगले घेतले आणि उरलेल्या पैशांत रिसीव्हर. त्याच्या खोक्यावर ‘१००० वॉट’ असे ठळक छापलेले होते. एका रविवारी चिरंजीवांनी मित्रांसह युद्धपट लावला आणि आवाज जवळजवळ शेवटपर्यंत चढवला. दुसऱ्या दिवशी अमीर खाँसाहेबांची ध्वनिमुद्रिका लावली, तेव्हा उजवीकडून तंबोऱ्याची नुसती घूं ऐकू येत होती, जवारी नाहीशी झाली होती.

एवढ्या वॉटने स्पीकर जळणारच, असे मी म्हणालो. वस्तुस्थिती नेमकी उलट होती. रिसीव्हर कमी पडला होता. अ‍ॅम्प्लिफायरकडे कुवतीपलीकडे मागणी केली, की तो ध्वनिलहरीची शिखरे छाटतो. या छाटलेल्या लहरीत मुळात नसलेल्या उच्च कंप्रता निर्माण होतात, शिवाय सरासरी शक्तीही वाढते. त्यातील मोठा वाटा ट्वीटरकडे जातो आणि त्याची केसासारखी बारीक तार तापून जळते.

मग ते हजार वॉट कोठे गेले? खोक्यावरील बारीक अक्षरे मी नंतर भिंग घेऊन वाचली. सर्व वाहिन्यांची ती बेरीज होती. तीही १ किलोहर्ट्झ या एकाच कंप्रतेवर आणि १० टक्के विकृती गृहीत धरून. औषधाच्या मात्रेविषयी असा दावा कोणी केला असता, तर आपण त्या प्रतिनिधीला दारातूनच परत पाठवले असते. खरा आकडा पाहायचा तो असा : २० ते २०,००० हर्ट्झ, ८ ओहम, किमान दोन वाहिन्या एकाच वेळी चालू आणि विकृती ०.१ टक्क्याच्या आत.

आता किती वॉट हवेत ते पाहू. माझ्या स्पीकरची संवेदनशीलता ८७ डेसिबल, म्हणजे १ वॉटला १ मीटरवर ८७ डेसिबल. तीन मीटरवरील सोफ्यापर्यंत त्याचे साधारण ८० उरतात. प्रत्येक १० डेसिबलसाठी शक्ती दहापट लागते. म्हणून ९० डेसिबलला १० वॉट, तर १०० डेसिबलला १०० वॉट. संवाद एका वॉटच्याही आत भागतात. चिंता असते ती क्षणभराच्या स्फोटांची. पन्नासाऐवजी शंभर वॉट घेतले, तर लाभ अवघा ३ डेसिबलचा. त्याउलट ९० डेसिबल संवेदनशीलतेचे स्पीकर घेतले, तर तोच लाभ वॉट न वाढवता मिळतो. हे गणित विक्रेता सांगत नाही.

स्पीकर ४ ओहमचे असतील, तर तेवढ्याच व्होल्टेजला विद्युतप्रवाह दुप्पट ओढला जातो. रिसीव्हर ४ ओहमला चालतो असे पुस्तिकेत लिहिलेले नसेल, तर तो घेऊ नये. सबवूफरला स्वतःचा अ‍ॅम्प्लिफायर असतो. ८० हर्ट्झच्या खालचे काम त्याच्याकडे सोपवले, की रिसीव्हरचा पुष्कळ भार उतरतो. प्री-आउटची सोय पाहून ठेवावी, म्हणजे पुढे स्वतंत्र पॉवर अ‍ॅम्प्लिफायर जोडता येतो. एचडीएमआयमध्ये ईएआरसी असावे. अमेरिकेतील आप्तांनी प्रेमाने आणलेला १२० व्होल्टचा रिसीव्हर आपल्या २३० व्होल्टला थेट जोडू नये. आणि कोणताही रिसीव्हर काचेच्या बंद कपाटात कोंडू नये. सौभाग्यवतींचा विरोध पत्करावा लागला तरी चालेल.

नवा रिसीव्हर घेताना माझा खरा प्रश्न मात्र वडिलांचा होता. वय ८४. “अरे, आवाज येतो, पण शब्द कळत नाहीत,” ही त्यांची तक्रार. वार्धक्यात प्रथम उच्च कंप्रता ऐकू येईनाशा होतात आणि स, श, फ यांसारखी व्यंजने विरतात. सारा आवाज वाढवला, की शब्दांसोबत पार्श्वसंगीतही चढते. परंतु ५.१ ध्वनिपटात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरमधून येतात. म्हणून प्रत्येक वाहिनीची पातळी वेगळी ठेवता येईल आणि स्फोट व कुजबुज यांतील अंतर कमी करता येईल, असाच रिसीव्हर निवडला. मधली वाहिनी ३ डेसिबल वर, बाकी जागच्या जागी.

हा नवा रिसीव्हर ‘८० वॉट’ एवढेच म्हणतो, तेही वरच्या कसोटीने. नवा ट्वीटर बसवून घेतला. चिरंजीवांसाठी आवाजाची कमाल मर्यादा मी मेनूतच बांधून ठेवली आहे. वडील आता संवादांवर टीका करतात.