पानात दडलेलं जीवनसत्त्व

गरोदरपणात सरकारी दवाखान्यातून मिणारी लाल गोळी आपण ‘रक्तवाढीची गोळी’ म्हणून ओळखतो. तिच्यात लोहाबरोबर फॉलिक अ‍ॅसिड, म्हणजे ‘ब-9’ जीवनसत्त्वही असतं. त्याच्या शोधाची सुरुवात आपल्या मुंबईतच झाली, हे किती जणींना ठाऊक आहे?

डॉ. लूसी विल्स या इंग्रज संशोधक 1928 साली मुंबईत आल्या. गिरण्यांत राबणाऱ्या गरीब बायकांना तेव्हा गरोदरपणी जीवघेणा पंडुरोग होई. परळच्या हाफकिन संस्थेत काम करताना डॉ. विल्स यांना दिसलं, की दोष आहारात आहे. यीस्टपासून केलेलं साधं मार्माइट खायला दिलं, तर बायका सुधारू लागल्या! 1931 मध्ये त्यांनी हे जगापुढे मांडलं. पुढे 1941 साली पालकाच्या पानांतून तो घटक मिळाला. लॅटिनमध्ये पान म्हणजे ‘फोलियम’, म्हणून नाव पडलं फॉलिक.

गिरणगाव गेलं, पण कष्टकरी बाईची अडचण तीच राहिली. मोखाडा तालुक्यातलं पोशेरा घ्या. पावसाळ्यात या भागात रानभाज्या भरपूर. पण भाताची कामं उरकली, की जव्हार-मोखाड्यातली कितीतरी कुटुंबं भिवंडी-वसईकडे, वीटभट्ट्यांवर जातात. अंगणवाडी गावात आणि पोटुशी सून भट्टीवर! नाव नोंदवेपर्यंत तिसरा-चौथा महिना उजाडतो.

तोवर उशीर झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि मणका ज्या नळीतून घडतो, ती गर्भ राहिल्यापासून साधारण 28 दिवसांत मिटते. तेव्हा पाळी चुकल्याचंही धड लक्षात आलेलं नसतं. फॉलिक कमी पडलं, तर मणका उघडा राहण्याचा धोका वाढतो. म्हणून मूल हवं असेल, तर निदान महिनाभर आधीपासून ते तिसरा महिना संपेपर्यंत रोज 400 मायक्रोग्रॅमची गोळी घ्यावी. आशाताईंना विचारा. आधीच्या बाळाला असा दोष असेल किंवा फिटची औषधं चालू असतील, तर मात्रा डॉक्टरच ठरवतील. चौथ्या महिन्यापासून लाल गोळी आहेच.

जोडीला पालेभाजी, डाळ, उसळ हवीच. हे जीवनसत्त्व पाण्यात उतरतं. म्हणून भाजी आधी धुवा, मग चिरा आणि पालक-माठाचं उकडलेलं पाणी आमटीत घाला.

सासूबाई, गोड बातमी कळल्यावर सुनेचे लाड तर कराच. पण ही गोळी त्याआधीच घरात यायला हवी. कामाला बाहेरगावी निघताना पिठामिठाच्या पिशवीत तीही आठवणीने बांधून द्या.