रिंगण

गोंदिया जिल्ह्यातलं कोणतंही हायस्कूल घ्या. आमगावचं, तिरोड्याचं, देवरीचं. मधल्या सुट्टीची घंटा होते, पोरं वर्गातून सांडल्यासारखी बाहेर पडतात आणि नळाजवळ कुणीतरी कुणाला विचारतो, "काय पाहून रायला बे?"

प्रश्न चार शब्दांचा, पण त्याला बरोबर उत्तरच नाही. "काही नाही" म्हणावं तर भेकड ठरतो. "तुलेच पाहून रायलो" म्हणावं तर पुढचं सगळं ठरल्यातच जमा.

आपलं लक्ष अर्थातच त्या दोघांकडे जातं. मला मात्र नवल वाटतं ते भोवतालच्यांचं. कुणी शिट्टी वाजवलेली नसते, कुणी हाक दिलेली नसते, तरी बघता बघता पोरांचं कडं तयार होतं. पुढचे वाकतात, मागचे पायऱ्यांवर चढतात आणि मध्ये बरोबर दोघांना पुरेल एवढी जागा मोकळी राहते. कवायतीसाठी याच पोरांना रांगेत उभं करायला पीटीच्या सरांचा निम्मा तास जातो. इथे मात्र रेघ न आखता नीट वर्तुळ! कधी कधी तर पहिला हात उगारण्याआधीच हे रिंगण पुरं झालेलं असतं. मग मारामारीमुळे गर्दी जमली, की गर्दीमुळे मारामारी झाली?

हा प्रश्न वाटतो तितका गमतीचा नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये नाशिकच्या सातपूर भागात खासगी शिकवणीला जाणाऱ्या दहावीतल्या एका मुलाचा मारहाणीत जीव गेला. वाद होता बाकावर बसण्यावरून. बातमी वाचणारा प्रत्येक जण एकच म्हणाला असेल: एवढ्याशा कारणावरून? पण वर्गातल्या भांडणांची कारणं जवळजवळ नेहमी एवढीशीच असतात. बाक, धक्का, टोपणनाव, कुणाच्या तरी मोबाइलमधला फोटो. मोठ्या माणसाला क्षुल्लक वाटणारी ही गोष्ट पंधराव्या वर्षी डोंगराएवढी का होते, हे शोधायला काही लोकांनी उभी हयात घालवली आहे आणि त्यांनी केलेले प्रयोग फार मजेशीर आहेत.

आधी ‘पाहून रायला’चंच घेऊ. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ केनेथ डॉज याने १९८० साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. शाळकरी मुलं एक कोडं जुळवत बसली होती. ते दुसऱ्या कुणा मुलाने मोडलं, असं त्यांना दिसलं. काहींना कळलं की त्याने मुद्दाम मोडलं, काहींना कळलं की चुकून मोडलं, आणि काहींना धड काहीच कळलं नाही. मुद्दाम मोडलं म्हटल्यावर भांडखोर मुलं चिडली आणि शांत मुलंही चिडली. चुकून झालं म्हटल्यावर दोघांनीही सोडून दिलं. फरक पडला तो फक्त तिसऱ्या, धूसर प्रसंगात. शांत मुलांनी ते चुकून झालं असेल असं धरलं, भांडखोर मुलांनी मुद्दाम केलं असं धरलं. म्हणजे भांडखोर पोराचा हात जड असतो हे खरं, पण त्याआधी त्याचा अर्थ लावण्याचा काटा एका बाजूला झुकलेला असतो. आपल्याकडे याला एक नेमका शब्द आहे, खुन्नस. समोरच्याची नजर सहज पडली होती की तो खुन्नस देत होता, याचा निवाडा पाव सेकंदात होतो, आणि न्यायाधीश असतो तो स्वतःच.

आता रिंगण. मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेला एक प्रयोग गाडी चालवण्याच्या संगणकावरच्या खेळाचा होता. सिग्नल पिवळा झाला की तांबडा होण्याआधी किती पुढे जायचं, हे खेळणाऱ्याने ठरवायचं. जितकं पुढे तितके गुण जास्त, पण वेळ चुकली की गाडी भिंतीवर. तेरा ते सोळा वर्षांची मुलं एकटी खेळली तेव्हा बेताने खेळली. बरोबरीचे दोघे शेजारी उभे राहताच त्यांनी कितीतरी जास्त धोका पत्करला. चोविशीपुढच्या मोठ्यांना मात्र सोबत्यांनी काहीच फरक पडला नाही. पुढे २०११ मध्ये हाच धागा धरून मेंदूची छायाचित्रं घेतली गेली. मित्र नुसते शेजारच्या खोलीतून बघत आहेत एवढं समजलं, तरी किशोरवयीन मुलांच्या मेंदूतला बक्षिसाच्या आशेने जागा होणारा भाग जास्त उजळत होता.  मित्रांचं बघणं पुरेसं होतं.

लगाम खेचणारा मेंदूचा पुढचा भाग पुरता पिकायला पंचविशी उजाडते, हे एव्हाना बऱ्याच पालकांनी ऐकलं आहे. पण मला जास्त नवल वाटतं ते याचं, की एकांतात हाच कोवळा लगाम बऱ्यापैकी चालतो. नळाजवळ ते दोघंच असते, तर बहुतेक वेळा एकमेकांच्या आईबहिणीची आठवण काढून आपापल्या वाटेने गेले असते.

आपापल्या वाटेने जाणं. इथे मला सारस आठवतो. महाराष्ट्रातले बहुतेक सारस आज गोंदिया जिल्ह्यातच उरलेत. परसवाड्याच्या तलावाकाठी किंवा धानाच्या बांधीत जवळजवळ माणसाच्या उंचीची ती जोडी उभी दिसली की चालता माणूस थांबतो. सारस आपल्या हद्दीबाबत फार कडक. दुसरी जोडी आत शिरली की नर-मादी माना वर करून एका सुरात ओरडतात, पंख उभारतात, पिसं फुलवून वाकतात. धमकीचा अख्खा प्रवेशच असतो तो, झाडीपट्टीच्या नाटकातल्यासारखा. चोच खंजिरासारखी असूनही ती चालवण्याची वेळ बहुधा येत नाही. कारण समोरच्याला मागे फिरायला मोकळं आभाळ असतं. उडून गेलं की प्रकरण संपलं. उद्या कोणी त्याला ‘पळपुट्या’ म्हणून हाक मारत नाही.

पोरांचंही पहिलं निम्मं भांडण असंच असतं. छाती पुढे, मान तिरपी, "हात तर लावून दाखव." ही धमकी खरं तर मारामारी टाळण्यासाठीच असते. समोरच्याने जरा सूर खाली आणला की दोघंही सुटतात. पण आठवीच्या वर्गात दोन बाकांच्या मधोमध, चाळीस जोडी डोळ्यांसमोर मागे फिरायचं कुठून? दार कडं करून उभ्या असलेल्या पोरांच्या पाठीमागे आहे. रिंगण नुसतं बघत नाही, ते वाटही अडवतं.

टोरोंटोच्या शाळांत कॅनडाच्या संशोधकांनी मुलांच्या अंगावर छोटे माइक लावून दुरून मैदानाचं चित्रीकरण केलं. २००१ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात प्राथमिक शाळेतल्या दादागिरीचे ३०६ प्रसंग तपासले होते. ८८ टक्के प्रसंगांत आजूबाजूला इतर मुलं होती. त्यांतलं कुणी तरी मध्ये पडलं ते फक्त १९ टक्के वेळा. आता खरी बात. मुलांनी मध्ये पडण्याच्या निम्म्याहून अधिक प्रयत्नांत, ५७ टक्के वेळा, दादागिरी दहा सेकंदांत थांबली. दहा सेकंद! हेडमास्तरांच्या खोलीतून सर मैदानापर्यंत धावत यायलाच याहून जास्त वेळ लागतो.

फिनलंडने याच्यावरच आपला कार्यक्रम उभारला. तुर्कू विद्यापीठाच्या क्रिस्टिना साल्मिवाल्ली यांनी आधी बघ्यांच्या जाती पाडल्या: दादाला हात देणारे, हसून टाळ्या पिटणारे, लांब सरकणारे, आणि मार खाणाऱ्याच्या बाजूला जाऊन उभे राहणारे. २००९ पासून तिथल्या शाळांत पसरलेल्या कार्यक्रमाचं नाव ‘किवा’. फिनिश भाषेत त्याचा अर्थ ‘छान’, आणि ‘छळाविरुद्ध’ या शब्दांची ती आद्याक्षरंही. दादाला बदलण्यापेक्षा टाळ्या पिटणाऱ्यांना बदलणं सोपं, असा त्यामागचा हिशेब. टाळ्या थांबल्या की दादागिरीचं भाडं वसूल होत नाही.

आपल्याकडे अशा वेळी एक वाक्य हमखास येतं: छडी गेली आणि पोरं बिघडली. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेवर बंदी आणली, हे खरं. पण चाळीस जणांसमोर एकाला बदडणारे सर वर्गाला काय दाखवत असतात? पुन्हा तेच रिंगण, फक्त मध्ये उभा असलेला वयाने मोठा.

याउलट या पोरांच्या गावात दुसरंही एक रिंगण असतं. १५ ऑगस्ट २००७ रोजी आर. आर. पाटील गृहमंत्री असताना महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली आणि गावोगाव तंटामुक्त समित्या बसल्या. पूर्व विदर्भात त्या चांगल्याच रुजल्या. इतक्या, की घरच्यांचा विरोध असलेल्या जोडप्यांची लग्नंही समितीच लावून देते. बांधाच्या भांडणात समिती काय करते? दोघांना बसवते. बसलेल्या माणसाला हात उगारणं अवघड जातं. मग कोणी वडीलधारा दोघांनाही थोडं थोडं रागावतो, म्हणजे दोघांनाही घरी जाऊन "आजोबांसाठी सोडलं" असं सांगता येतं. बघणारे तेवढेच, पण त्यांनी वाट उघडी ठेवलेली असते. पोराचा आजा समितीत बसतो आणि पोरगा शाळेत कडं करतो, हे एकाच गावात, एकाच घरात चाललेलं असतं.

शेवटी शिकागोचा चेंडू. तिथल्या गरीब वस्त्यांतल्या शाळांत मुलग्यांसाठी ‘बिकमिंग अ मॅन’ नावाचा उपक्रम चालतो. त्यातला एक खेळ असा: मुलांच्या जोड्या पाडायच्या. एकाच्या मुठीत चेंडू द्यायचा आणि दुसऱ्याला सांगायचं, तीस सेकंदांत तो मिळव. जवळजवळ सगळेच तुटून पडतात. बोटं पिरगाळतात, गुद्दे मारतात, जमिनीवर लोळतात. मग खेळ घेणारा विचारतो, कुणी मागितला का नाही? उत्तरं ठरलेली असतात. त्याने दिलाच नसता, मी लेचापेचा वाटलो असतो. मग मूठ आवळणाऱ्याला विचारायचं, याने मागितला असता तर तू काय केलं असतंस?

शिकागो विद्यापीठाच्या संशोधकांनी चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट पाडून या उपक्रमाची पारख केली, तेव्हा उपक्रम चालू असताना हिंसक गुन्ह्यांतल्या अटका सुमारे ४५ ते ५० टक्क्यांनी घटलेल्या दिसल्या. अटकांवरचा हा परिणाम उपक्रम संपल्यावर फार टिकला नाही, हेही त्यांनी नोंदवलं. म्हणजे लस एकदा टोचली आणि झालं, असा हा मामला नाही. रोजची तालीम लागते.

आणि मूठ आवळणाऱ्या पोराचं उत्तर? बहुतेक वेळा तो खांदे उडवतो. दिला असता की, साधा चेंडू तर आहे.